वार लागताच चोर पसार

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. स्थळ: बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या मंडळाचा वरचा हॉल.

हजर: डॉ. हितेशभाई (राजसेना), रेवती (मांत्रिक), मी (व्यापारी, शिवाय नोंदवही). अकरा वाजून पाच मिनिटांनी हजर: खोपकरकाका (चोर). उशिराचे कारण दिले नाही.

ठराव: चोरांच्या बाराही खास विद्या ३१ डिसेंबरपर्यंत लेखी आल्या नाहीत, तर चोरांची टोळी खेळातून आणि छापायच्या पुस्तकातून काढून टाकावी. बाजूने तीन, विरुद्ध एक.

मी ठराव वाचून दाखवला. विरुद्ध मत देणारे गृहस्थ शांतपणे पुरीच्या डब्यातून आपले चोर काढून टेबलावर मांडत होते. शेवटचा चोर मांडून झाल्यावर म्हणाले, "भाषा छान आहे हो तुमची, बेन. फाशीचा हुकूम वाटतो."

ज्यांनी आमचा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्लायवूडच्या दोन फळ्यांवर आम्ही तटबंदीचे एक शहर उभे केले आहे. पाच वेशी, गल्ल्या, हवेल्या, मधोमध बाजार. त्यात दोन-दोन इंचांची माणसे फिरतात. किती चालायचे ते टेपने मोजायचे, झटापटीचा निकाल फाशांवर. एका वेळी दोघे जण खेळतात. बाजू चार आहेत आणि प्रत्येक बाजूला बारा खास विद्या, म्हणजे जे तिच्या माणसांना येते आणि इतरांना येत नाही. नियम आमचे आम्हीच पाच वर्षांत बनवले. आता सुरतेचा एक आणि अमदावादचा एक असे दोन गट हा खेळ मागत आहेत, म्हणून पुस्तक छापायचे ठरले. राजसेनेच्या विद्या लिहून तयार होत्या. मांत्रिकांच्या तयार होत्या. व्यापाऱ्यांच्या माझ्याकडे होत्या, म्हणजे त्या आधीच तयार होत्या. चोरांच्या पानावर फक्त शीर्षक होते.

पाच वर्षे काका आपल्या विद्या तोंडी चालवत होते. गरज पडली की एक नवीन विद्या बाहेर यायची. "हे कुठे लिहिलंय?" विचारले की उत्तर ठरलेले: "चोराला नियम नसतो बेन, सवय असते." मी सवयच लिहून घेते म्हटले, तर म्हणायचे, "लिहिली की मोडते."

हा वैताग माझ्यासाठी नवा नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोरव्यात, ज्या कंपनीत मी सव्वीस वर्षे स्टोअर्स सांभाळते आहे, तिथेच खोपकरकाका पॅटर्नमेकर होते. ओतकाम करायचे तर आधी लाकडात हुबेहूब नमुना कोरावा लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी नमुना कोरणारा तो पॅटर्नमेकर. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक ठेंगणे, सडपातळ गृहस्थ कानावर पेन्सिल खोचून माझ्या खिडकीशी आले, पॉलिश पेपरचे चार ताव आणि सरसाचा डबा घेतला, घडी घातलेली चिठ्ठी सरकवली आणि निघून गेले. चिठ्ठी उघडली तर कोरी. मी मागे धावले.

"अहो, यावर काहीच लिहिलेलं नाही."

"आत्ता कसं लिहू? किती लागलं ते वापरल्यावर कळणार ना?"

"पण किती नेलंत ते तर लिहा."

"ते तर तुम्ही बघितलंत," असे म्हणून ते चालू लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. मी त्या तारखेनुसार फाइल केल्या आहेत. फाइल जाड आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एके दिवशी ते घरी आले. म्हणाले, "आम्ही रविवारी एक खेळ खेळतो. फार भांडणं होतात. एक असं भांडखोर माणूस हवंय, जे भांडण लिहूनही ठेवील." मला ही स्तुती वाटली. तिथे माझे चुकले.

हितेशभाई दंतवैद्य आहेत. त्यांची सगळी राजसेना दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरची आहे, दवाखान्यातून दुसरे काय येणार! रेवती बँकेत अधिकारी, मूळची साताऱ्याची, चार वर्षांपूर्वी बदली होऊन बडोद्याला आली. तिने तिचे मांत्रिक विकत आणून रंगवले. काकांचे एकतीस चोर मात्र सागवानात कोरलेले आणि त्यांच्यात एकही चोरासारखा दिसत नाही. एक जण पायातला काटा काढतो आहे. एक बाई घागर घेऊन उभी आहे. एकाच्या हातात पोपटाचा पिंजरा. एक नुसताच जांभई देतो. हॉलमध्ये डोकावणारा प्रत्येक जण विचारतो, "यात चोर कोणता?" मग काकांची कळी खुलते. "चोर चोरासारखा दिसला तर त्याला विद्या कशाला हवी? तो सरळ पोलिसांत जाऊन बसेल."

आता सूतभर विद्येची गोष्ट, कारण ती लिहिल्याशिवाय या माणसाची कल्पना येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी व्यापाऱ्याची गाडी त्यांच्या चोरापासून बारा इंच आणि वर केसभर अंतरावर उभी होती. मी स्वतः टेप लावून उभी केली होती. चोर एका खेपेला बारा इंच चालतो. तरीही चोर गाडीपाशी पोहोचला आणि गाडी गेली. मी म्हणाले, "काका, तुमची पट्टी बघू." त्यांनी निमूटपणे दिली. ती मी माझ्या टेपशेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळले. बाराच्या खुणेला त्यांची पट्टी एक सूत पुढे होती, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

ती पॅटर्नमेकरची पट्टी होती. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना मुळातच किंचित मोठा कोरावा लागतो. त्यासाठी त्या पट्टीवरचा इंचच मोठा असतो. बडोद्यात ही गोष्ट ज्या थोड्या माणसांना माहीत असेल त्यांत मी एक, कारण ती पट्टी त्यांना स्टोअर्समधून मीच दिली होती. आणि तीन वर्षे मी ती समोर बघत होते.

"काका, ही सरळसरळ लबाडी आहे!"

"लबाडी कसली? लोखंडाची पट्टी आहे ही. पोलाद जास्त आकसतं. पोलादाची पट्टी आणली असती तर दोन सूत मिळालं असतं. मी प्रामाणिक माणूस, लोखंडावर भागवलं."

हितेशभाई हसून हसून खुर्चीवरून उठले. "काका, आ तो विद्या ज छे! लिहा, नीलाबेन, लिहा." रेवतीनेही हात वर केला. त्या दिवशीपासून बारा इंचांना एक सूत जास्त ही चोरांची अधिकृत विद्या झाली. विरोधात एक मत नोंदले आहे. ते माझे.

तर अशा माणसाला आम्ही सव्वा महिन्याची मुदत दिली होती. ठरावानंतर जिना उतरताना रेवतीने माझा दंड धरला.

"ताई, एकतीस डिसेंबर मी उगाच नाही म्हटलं. काका जानेवारीत नाशिकला चाललेत, मुलीकडे. कायमचे."

"तुला कुणी सांगितलं?"

"काकूंनी. त्यांना नीट दिसत नाहीये, ताई. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नव्हते आले. सहा महिने काका फासा टाकला की तो उचलून अंगठ्याने ठिपके चाचपत होते, आणि मी ते नाटक समजून नोंदवहीत "वेळ घालवणे" असे लिहीत होते. पाच-सहा ठिकाणी लिहिले आहे.

मी वर परत गेले आणि त्यांना सरळ विचारले. ते चोर फडक्यात गुंडाळत होते. "मधला भाग गेला," म्हणाले. "समोर बघितलं की डाग दिसतो. बाजूचं सगळं दिसतं. चोराला तेवढं पुरे."

"आणि कोरकाम?"

"एकतीसवर थांबलो ना." मग डब्याचे झाकण दाबत म्हणाले, "नाशिकला हे कुणाला खेळता येतंय? सुरतेत कुणी चोर घेऊन बसलं असतं, अमदावादेत कुणी बसलं असतं, तर बरं वाटलं असतं."

"मग सांगा ना विद्या! लिहिल्या की राहतील पुस्तकात."

"बघू."

टोळी पुस्तकात राहावी असे आम्हा चौघांत सर्वांत जास्त त्यांना वाटत होते, आणि ती राहू नये यासाठी सर्वांत जास्त मेहनतही तेच घेत होते. याला काय म्हणावे ते मला कळत नव्हते, आणि माझ्याकडे तेवढा वेळही नव्हता. मी आखणी केली. त्यांच्या घरी चार भेटी, प्रत्येक भेटीत तीन विद्या, एक भेट राखीव. ऑफिस सुटल्यावर सहा ते सात. काकूंना फोन करून कळवले.

पहिल्या भेटीत अर्धी विद्या मिळाली. मांजरपाऊल. चोराच्या पावलांचा आवाज येत नाही, इतके सांगून काका थांबले. कुणाला येत नाही? पहारेकऱ्याला. कुत्र्याला? "कुत्र्याला येतो. पण कुत्रा सांगणार कुणाला?" मग कुत्रा भुंकला तर? "भुंकू दे. वाडीत कुत्री भुंकतातच." मी तीन वेळा खोडले.

काकू पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं झाली. आज जेवायला काय करू विचारलं तर अजून म्हणतात, जे होईल ते. तुम्ही यांच्याकडून बारा वाक्यं काढणार?"

"काढणार," मी म्हणाले.

आणि काढलीही. युक्ती मला दुसऱ्या भेटीत सापडली. विचारायचे नाही, चुकीचे लिहायचे आणि मोठ्याने वाचायचे. "उसना चेहरा: चोर कोणत्याही माणसाचे रूप घेऊ शकतो," असे मी वाचले की काका उसळायचे. "कोणत्याही कसं? ज्याच्या घरी तो जेवलाय त्याचंच!" झाले, नियम मिळाला. "दिवेमालवणी: चोर गल्लीतले सर्व दिवे विझवतो." "सर्व नाही हो, एक ठेवतो. सगळे विझले तर लोक उठतात." दोन झाले. मला सर्वांत आवडलेली अकरावी. पहारेकऱ्याने चोर धरला तर फासा टाकायचा. सहा पडले तर पहारेकरी चोराच्या ओळखीचा निघतो आणि सोडून देतो. मी म्हणाले, हे फार सोयीचे आहे. काका म्हणाले, "तुम्ही बडोद्यातच जन्मलात ना? कुणालाही धरा, दुसऱ्या वाक्याला मामेसासऱ्यांचा कुणी तरी निघतोच. मी तर सहाला एकदाच म्हणतोय, म्हणजे कमीच धरलंय."

बारावीला त्यांनी अजिबात त्रास दिला नाही. तिचे नाव पसार. स्वतःहून म्हणाले, "घ्या लिहून. वार लागताच चोर पसार, सहा इंच. झालं." मी लिहिले, ओळीखाली रेघ मारली आणि ठरल्या दिवसाच्या बारा दिवस आधी काम संपवल्याच्या आनंदात घरी आले.

रविवारी, २१ डिसेंबरला, मी हॉलमध्ये बाराही विद्या वाचून दाखवल्या. अकरापर्यंत कुणाची हरकत आली नाही. बारावी वाचली. हितेशभाई म्हणाले, "बराबर. फक्त तीन दाणे हे पण लिहा."

"कसले दाणे?"

"खारी शिंग, खारे शेंगदाणे. मी विचार करत बसलो की काका खिशातून दाणे काढतात. एक, दोन, तीन. तिसरा तोंडात गेला की वार लागली. चोर पळाला."

रेवतीने मान वर केली. "दाण्यांचा काय संबंध? वार लागला की पळतो. माझ्या मांत्रिकाचा घाव बसला की मरायच्या ऐवजी सहा इंच निसटतो. चार वर्षांत मला यांचा एक चोर मारता आलेला नाही!"

"घाव बसला की मरतो ने," हितेशभाई म्हणाले. "मी तर ढीगभर मारले."

"मारले?"

"मारले! पण विचार करायला देत नाहीत ना. तीन दाण्यांत माणूस काय विचार करणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग तिघांनी काकांकडे. काका पोपटाच्या पिंजऱ्यावरची धूळ फुंकत होते.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. गुजरातीत वार म्हणजे उशीर. आमच्या बडोद्याच्या मराठी घरांतही "यायला वार लागली" असे सर्रास म्हणतात, आणि पुण्याचा पाहुणा ते ऐकून जखम कुठे झाली ते शोधू लागतो. हितेशभाई गुजराती, त्यांनी उशीर ऐकला. रेवती साताऱ्याची, तिने घाव ऐकला. मी इथलीच, मला दोन्ही येतात, आणि म्हणूनच लिहिताना मला काही खटकले नाही. नोंदवहीत मी फक्त कोण जिंकले ते लिहीत आले. कसे जिंकले ते लिहायचा रकाना मी केलाच नव्हता.

"काका," रेवती उभी राहिली, "तुम्ही दोघांना दोन वेगळे नियम लावलेत!"

"मी दोघांना एकच वाक्य सांगितलं. चार वर्षं तेच, शब्दाचा फरक नाही. ज्याने त्याने ते आपापल्या घरी नेऊन वाचलं."

"मग आता सांगा. वार म्हणजे घाव की उशीर?"

"हो," काका म्हणाले.

"हो काय?"

"वार."

हितेशभाईंना पुन्हा हसू फुटले, पण या वेळी रेवती हसली नाही. "सुरतेच्या लोकांना मी काय सांगू? आपापल्या घरी नेऊन वाचा? एक अर्थ निवडा, काका. नाहीतर मी ठरावाला धरून चालणार. मला नको आहे तसं, पण चालणार." ती भिडस्त मुलगी नाही, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मीही तेच म्हटले असते. खरे तर मी म्हटलेच.

राखीव भेट कामी आली. ३० डिसेंबरला अर्धा दिवस रजा टाकून मी दुपारी त्यांच्या घरी गेले. खोक्यांत सामान बांधणे चालू होते. काका खिडकीशी तिरकी मान करून बसले होते, म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. मी पान उघडले आणि जे तोंडाला आले ते बोलले. मी म्हणाले, हा हट्ट कशासाठी? एक शब्द, एक अर्थ, तुमचे चोर सुरतेला जातात. तो ठरला नाही, तर ते डब्यात जातात. तुम्हाला त्यांची काळजी आहे की नाही? यादी पूर्ण व्हायला एक ओळ राहिली आहे.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मागची यादीही तुम्हीच केली होती, बेन. छान केली होती. एकसुद्धा सुटला नाही."

मला समजायला क्षण गेला. मग समजले.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कंपनीने पॅटर्न शॉप बंद केले. सगळी ड्रॉइंग संगणकावर आली होती, नमुने बाहेरून होऊन येणार होते. माळ्यावर जुने लाकडी नमुने रचलेले होते, सहाशेच्या वर, त्यांतले निम्मे काकांनी कोरलेले. ते निकालात काढायचे ठरले आणि यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी तीन रकाने आखले: नमुन्याचा क्रमांक, ड्रॉइंग आहे की नाही, गाडीत चढवला. दोन आठवडे काका एकेक नमुना उतरवत होते, क्रमांक पुकारत होते आणि मी खूण करत होते. त्यांनी एकदाच विचारले, "सगळ्यांची ड्रॉइंग आहेत?" मी म्हणाले, सगळ्यांची, मी स्वतः तपासली आहेत. "मग ठीक," ते म्हणाले. गाडी भट्टीच्या जळणासाठी गेली. त्या कामाबद्दल साहेबांनी माझे कौतुक केले होते, आणि ते मला आवडले होते.

मी पान मिटले. काकूंनी चहा आणला. काकांनी विषय बदलला आणि नाशिकच्या थंडीबद्दल बोलू लागले. मी निघताना ते दारापर्यंत आले. "रागावू नका. तुमची यादी चांगलीच होती," म्हणाले. त्याने अधिकच वाईट वाटले.

४ जानेवारीच्या रविवारी मी दुरुस्ती मांडली: चोरांची टोळी राहील, अकरा विद्या लेखी मान्य, बारावीचे शब्द नोंदवही सांभाळणाऱ्याने ठरवावेत आणि छापण्यापूर्वी लिहून द्यावेत. मी मुदतवाढ मागण्याची पाच वर्षांतली ही पहिलीच वेळ. हितेशभाईंनी काळजीने विचारले, "बेन, तबियत तो सारी छे ने?" रेवतीने हात वर केला. काकांनी स्वतःच्या बाजूने मत दिले, तेही दोन्ही हात वर करून. मी एकच मोजला.

आठवड्याने ते नाशिकला गेले. जाण्यापूर्वी पुरीचा डबा माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे राहू दे. मोजून घ्या." मी मोजले. एकतीस.

पुस्तकासाठी प्रत्येक आकृतीचा फोटो लागणार होता आणि गोंधळ होऊ नये म्हणून मी तळाला अनुक्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावायला बसले. पाच वर्षांत एकाही चोराला मी उलटा करून पाहिले नव्हते. काटा काढणाऱ्याच्या तळाला लाल रंगाचा पापुद्रा होता. पिंजरावाल्याच्याही. आमच्या कंपनीत नमुन्यांना तोच लाल रंग देत. घागरवालीच्या तळाला लाकडात ठोकलेले आकडे होते, पहिला अर्धा कापला गेलेला, पुढे एक आणि चार. आणखी दोघांच्या तळाशी तेच आकडे पूर्ण सापडले: २१४.

यादीची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काढली. दोनशे चौदा: मोठ्या पंपाच्या कवचाचा नमुना, सागवान, चार भाग. ड्रॉइंग आहे. गाडीत चढवला. पुढे माझी खूण, खाली माझी सही.

तो नमुना मला आठवतो. दोन माणसांना उचलावा लागायचा. मी गाडीपाशी खुर्ची टाकून बसले होते, हातात पेन होते, गेटवर रखवालदार होता. त्यांनी पुकारले, मी खूण केली. मग तो नमुना गोरव्याहून वाडीत त्यांच्या घरी कसा गेला? मी खूप विचार केला. चारही भाग.

त्याच संध्याकाळी फोन लावला.

"काका, दोनशे चौदा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काका म्हणाले, "यादीत खूण आहे ना?"

"आहे."

"मग गेला तो."

"काका, कसा नेलात?"

"बारावी लिहिलीत का?"

"नाही अजून."

"ती लिहा, मग सांगतो," म्हणाले, आणि मागे काकूंचे हसणे ऐकू आले. तेव्हापासून दर बुधवारी हेच बोलणे होते. मी विचारते, ते विचारतात, मी नाही म्हणते, मग ते नाशिकमधल्या भाज्यांची निंदा करतात आणि फोन ठेवतात.

छापखान्याने दोनदा आठवण केली आहे. रेवतीने मुखपृष्ठ करून घेतले. नकाशा तयार आहे, फोटो तयार आहेत, मोजमापाच्या पानावर एक सूत म्हणजे किती हेही दिले आहे. सुरतेच्या गटाने चोर कोण घेणार यावरून आत्ताच भांडण सुरू केल्याचे कळते. चोरांच्या पानावर अकरा ओळी आहेत आणि बारावीच्या पुढे फक्त "पसार" एवढे नाव आहे. त्यापुढचे वाक्य मला लिहायचे आहे. या रविवारीही ते लिहायचे राहिले.